हलेल तो बाद

न्क्वांतापा गावात एचडीआर नावाची साथ आली ती एबेनेझर तवियाह यांच्या बॅगेतून. तवियाह हॅम्बुर्गच्या बंदरावर वीसेक वर्षं खोकी उचलून परतले होते. तिकडून परतलेल्याला आमच्याकडे बोर्गा म्हणतात. बोर्गाला सगळं कळतं असं गाव धरून चालतं, कारण तसं नाही धरलं तर तो ते पटवून देत बसतो आणि ऐकणाऱ्याच्या ताटातलं फुफू गार होतं.

प्रकार तसा साधा होता. एकाच जागेवरून पाठोपाठ तीन फोटो काढायचे: एक अंधारा, एक बेताचा, एक भगभगीत. मग कॉम्प्युटर तिन्ही एकात मिसळतो आणि उन्हातलंही दिसतं, सावलीतलंही दिसतं. पण बोर्गाच्या तोंडून ऐकताना असं वाटे की देवाने पहिल्या दिवशी जो उजेड केला तो नुसता नमुना होता, खरा माल आत्ता हॅम्बुर्गहून येतो आहे.

त्याच सुमाराला गावचे राजे नाना आदू ब्रेम्पा यांना आसनावर बसून पंचवीस वर्षं पूर्ण होत होती. उत्सवासाठी एक कॅलेंडर आणि चौकात एक भलामोठा फलक करायचं ठरलं. समिती बसली, अध्यक्ष अर्थातच बोर्गा. त्यांनी पहिल्याच बैठकीत दोन ठराव करून घेतले. सगळे फोटो एचडीआर हवेत, आणि कोणत्याही फोटोत कापाकापी, चिकटवाचिकटवी नको. दुसऱ्या ठरावाला कारण होतं. मागे एका मंत्र्याच्या स्वागतफलकावर कोणीतरी धड एकाचं आणि डोकं दुसऱ्याचं लावलं होतं, आणि डोकं ज्याचं होतं तो तोवर दुसऱ्या पक्षात गेला होता.

फोटोचं काम पोकुआकडे आलं. 'परमेश्वर पाहतो फोटो स्टुडिओ' तिचाच. ती नानांची सख्खी भाची, बहिणीची मुलगी. आमच्याकडे मामाचं नातं बापाच्या वरचं, तेव्हा काम तिला का मिळालं हे कोणी विचारलं नाही. आई गेल्यावर नानांनीच तिला वाढवलं होतं, पहिला कॅमेरा त्यांनीच घेऊन दिला होता. चारचौघांत ती त्यांना नाना म्हणे, खाली वाकून, चपला काढून. मागच्या खोलीत मात्र मामा, आणि अरे-तुरे.

पोकुआला काम येत होतं यात वाद नाही, पण तिला ते येतं हे तिलाही जरा जास्तच ठाऊक होतं. एचडीआर तिला बोर्गाच्या आधीपासून माहीत होतं. त्याला कोणता फोटो चालतो याबद्दल तिचे नियम पक्के होते आणि ते ती न विचारता सांगे. एक, ऊन आणि सावली यांत जमीन-अस्मानाचा फरक हवा. नसेल तर त्या खटाटोपाला अर्थ नाही. दोन, तिन्ही फोटोंत सगळं जागच्या जागी हवं. जे हललं ते मिसळताना दोनदा-तीनदा उमटतं, भुतासारखं. हा दुसरा नियम ती तीन शब्दांत सांगे, "हलेल तो बाद." लग्नात नाचणारी वऱ्हाडं, चर्चमध्ये टाळ्या पिटणाऱ्या बाया, रांगणारी पोरं, सगळ्यांना तिने हे ऐकवलं होतं. लोक तिच्या दुकानात शिरताना श्वास रोखून शिरत.

फोटो निवडायची बैठक राजवाड्याच्या दिवाणखान्यात झाली. प्रत्येकाने आपल्याला आवडलेले फोटो आणले होते.

"हा घ्या," शाळेचे मुख्याध्यापक म्हणाले. "हरमट्टान वाऱ्याच्या धुळीत शाळा. काय वातावरण आहे!"

"बाद," पोकुआ म्हणाली. "धुळीत ना ऊन ना सावली. सगळं राखेसारखं. यात मिसळणार काय? धुळीत धूळ?"

"मग हा? आमच्या फुटबॉल संघाचा गोल."

"गोलकीपरला सहा पाय येतील."

"आले तर बरंच होईल," कोपऱ्यातून कोणीतरी म्हणालं. "दोन पायांनी त्याने आजवर काय अडवलंय?"

सगळे हसले. पोकुआ हसली नाही. बाजाराचा फोटो तिने बाद केला, ढोलवाल्यांचा केला, पाद्रीबाबा हात उंचावून आशीर्वाद देतायत तोही केला. नदीवरचा जुना पूल, दगडी चर्चचा आतला भाग आणि कोको वाळवायचं रिकामं अंगण एवढे तीन तिने ठेवले. बोर्गाचा चेहरा उतरला.

"म्हणजे गावात माणसंच नकोत?" ते म्हणाले.

"असू देत की. फक्त हलू नयेत."

तेव्हा ओपान्यिन बोआडू यांनी खाकरून घसा साफ केला. ओपान्यिन म्हणजे वडीलधारे. बोआडू खरोखरच वडीलधारे होते आणि राजघराण्याच्या दुसऱ्या शाखेचे होते. त्यांच्या भाच्याचं सिमेंटचं दुकान होतं. हा भाचा आसनावर बसायला मनाने केव्हाचा तयार होऊन बसला होता. अडचण एकच, आसन रिकामं नव्हतं. आणि ते रिकामं करायला आमच्याकडे एक रीत आहे. राजा अंगाने निर्दोष हवा. बोट कमी नको, डोळा अधू नको, पाय लंगडा नको. खोट दिसली की वडीलधारे त्याला उतरवू शकतात. बोआडू गेली कित्येक वर्षं नानांकडे डोळ्यात तेल घालून बघत होते. एकदा नाना शिंकले तर यांनी दवाखान्यात चौकशी केली होती. हे गावाला माहीत होतं, पोकुआलाही माहीत होतं, आणि नानांना तर सगळ्यांत आधी.

"मुली," बोआडू गोड आवाजात म्हणाले, "तुझ्या नियमात बसणारा माणूस गावात एकच आहे. नाना. छत्रीखाली गडद सावली, पुढे अंगणात कडक ऊन, अंगावर सोनं. आणि राजा काही फुटबॉल खेळत नाही."

पोकुआला हे पटलं, आणि तेच वाईट झालं. बोआडूंच्या मनात काय आहे हे तिने पाहिलंच नाही. तिला फक्त सावली आणि सोनं दिसलं. असा फोटो आयुष्यात एकदाच मिळतो, तिला वाटलं. मामासाठी आपल्या हातून काहीतरी होईल असंही वाटलं.

फोटोच्या दिवशी नाना थाटात आसनावर बसले. मागे मोठी मखमली छत्री, दोन्ही बाजूंना पंखेवाले, पुढे सोन्याच्या मुठीच्या तलवारी धरलेली माणसं, मागे वडीलधाऱ्यांची रांग. पोकुआने तिकाटण्यावर कॅमेरा लावला.

आता राजाशी थेट बोलायचं नसतं. जे सांगायचं ते ओचेआमेला सांगायचं. तो नानांच्या वतीने बोलणारा माणूस, काठी धरून शेजारी उभा असतो आणि शब्द इकडून तिकडे नेतो. ओचेआमे फ्रिम्पोन यांच्या हातून शब्द जसाचा तसा कधीच पलीकडे पोचला नव्हता. दिवा मागितला तर ते सूर्यापासून सुरुवात करत.

"हलू नका म्हणावं," पोकुआ म्हणाली.

फ्रिम्पोननी काठी उचलली. नदीला वळण कसं मिळालं इथपासून ते निघाले. पहिल्या पूर्वजाने इथे झोपडी कशी बांधली, त्याच्या सात मुलांपैकी कोण कुठे गेलं, यावरून ते डोंगराच्या स्थैर्यावर आले. तेवढ्यात सूर्य ढगाआड गेला, बाहेर आला, परत गेला.

"आणि म्हणून," फ्रिम्पोन शेवटी म्हणाले, "ही लेक विनवते आहे की आपण डोंगर व्हावं."

नाना त्यांच्या कानाशी काहीतरी पुटपुटले.

"नाना म्हणतात, त्यांनी ऐकलं."

"मीही ऐकलं, ओचेआमे. मी इथेच उभी आहे."

तिने बटण दाबलं. कॅमेरा तीनदा वाजला. पण छत्रीवाला अजेई छत्री वरखाली उडवत होता, पंखे हलत होते, तलवारवाल्यांच्या पायांना मुंग्या चावत होत्या. मागच्या रांगेत बोआडू फोटोत आपण नीट यावं म्हणून कधी डावीकडे सरकत, कधी उजवीकडे. नाना उजव्या हातातला, माशा हाकायचा पांढरा शेपटीचा गोंडा हलवत होते, नेहमी हलवत तसाच. पोकुआने पडद्यावर पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"अजेईदादा, छत्री थांबवा."

"राजावरची छत्री थांबवू?" अजेईने डोळे विस्फारले. "थांबलेली छत्री पाहिली की लोक विचारतात, कधी गेले?"

"दोन मिनिटं."

"मेलेला माणूस दोन मिनिटांनी उठतो का, ताई?"

बरीच हुज्जत झाली. शेवटी तिने दोरी मागवली आणि छत्रीचा दांडा अंगणातल्या आंब्याच्या झाडाला बांधून टाकला. पंखे थांबवले. तलवारवाल्यांना भिंतीला टेकवलं. हे सगळं करताना तिला स्वतःचाच फार अभिमान वाटत होता. मग तिची नजर गोंड्यावर गेली.

"गोंडाही बाजूला ठेवा म्हणावं. हात नुसता गुडघ्यावर."

फ्रिम्पोन काही बोलले नाहीत. ज्या माणसाला 'हो' म्हणायला पाव तास लागतो तो गप्प उभा राहिला आणि नानांकडे बघू लागला. नानांनी किंचित मान हलवली. फ्रिम्पोननी गोंडा काढून घेतला. चला, पोकुआला वाटलं, एकदा तरी आटोपशीर काम झालं.

तिन्ही फोटो निघाले. सारं अंगण असं निपचित होतं की फाटकातून डोकावलेल्या मासेवालीने छातीवर हात ठेवून प्रार्थना सुरू केली. पोकुआने कॅमेऱ्याच्या चिमुकल्या पडद्यावर पाहिलं. छत्रीखाली काळोख होता, पण काळोख उघडणं हे तर एचडीआरचंच काम. बोर्गा लॅपटॉप घेऊन तयारच बसले होते. त्यांनी सगळे फोटो, फसलेले आणि जमलेले, जागच्या जागी उतरवून घेतले. "उद्या दुपारी समितीपुढे मी स्वतः मिसळणार," ते म्हणाले. "सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. पारदर्शक कारभार."

पोकुआला दुसऱ्या दुपारपर्यंत कुठे धीर धरवणार? दुकानात येऊन तिने ते तीन फोटो मिसळले. छत्रीखालची सावली हळूहळू उघडली. अंगावरच्या केंटे वस्त्राचा धागा न् धागा दिसू लागला. नानांच्या पायातल्या चपलांवरचं सोनं, कपाळावरची शीर, आसनाची कोरीव कड, सगळं दगडात कोरल्यासारखं जागच्या जागी होतं.

उजवा हात सोडून. गुडघ्यावर एक हात नव्हता, हातांचा घोस होता, केळीच्या फण्यासारखा. बोटांवर बोटं, अंगठ्यावर अंगठा.

आपलंच काहीतरी चुकलं असं तिला वाटलं. तिने पुन्हा मिसळून पाहिले. मग एकेक फोटो वेगळा उघडला, उजळून पाहिला. प्रत्येकात हात दुसऱ्या जागी होता. शरीर तेच, मान तीच, पापणीसुद्धा तीच. फक्त हात. मग तिला कळलं, आणि ती खुर्चीत खाली बसली. मामा माशा नव्हता हाकत. दोन वर्षं अखंड चाललेला तो गोंडा माशांसाठी नव्हता. तो तिने काढून घेतला होता. सावलीत झाकलेला हात तिनेच उजेडात आणला होता, आणि आता तो उद्या भिंतीवर दिसणार होता, बोआडूंच्या चष्म्यासमोर. तिला स्वतःचा असा राग आला की तिने टेबलावरचा दिवा फोडायचाच बाकी ठेवला.

सकाळी ती मागच्या दाराने राजवाड्यात गेली. नाना एकटेच न्याहारीला बसले होते. ते हल्ली कोणासमोर जेवत नसत. गाव म्हणे, राजाला हेच शोभतं. समोर मक्याची लापशी होती, आणि बरीचशी कपड्यावर होती.

"मामा, हात दाखव."

"फोटोत आला?"

"तीन आले."

नाना हसले. हात त्यांनी टेबलावर ठेवला. तो तिथे स्वतःच्या मर्जीने थरथरत राहिला.

"कधीपासून?"

"मागच्याच्या मागच्या ईस्टरपासून. कुमासी शहरातला डॉक्टर म्हणतो, कामाला लावला की हा जरा गप्प बसतो, मोकळा सोडला की याचा नाच सुरू. म्हणून गोंडा. लोकांना वाटतं म्हातारा माशांवर डूख धरून बसलाय."

"अरे, मग मला सांगायचंस ना! फ्रिम्पोनला ठाऊक, आणि मला नाही?"

"तुला?" नाना म्हणाले. "पोरी, तू हलेल तो बाद म्हणणारी. तुला मी कोणत्या तोंडाने सांगू?"

पोकुआने फडकं घेतलं आणि त्यांच्या कपड्यावरची लापशी पुसू लागली. पुसताना तिचे डोळे भरून आले. ते तिने लपवले नाहीत.

"मी उतरणार आहे गं," नाना म्हणाले. "उत्सव झाला की, पुढच्या पेरणीच्या आत. माझ्या तोंडाने सांगून, माझ्या पायांनी. त्याची मला लाज नाही. पण बोआडूने बोट दाखवायचं आणि मी उतरायचं, हे मला सोसणार नाही. पंचवीस वर्षांत जे काही बरं केलं असेल ते सगळं त्या एका बोटाखाली जाईल. पुसून टाक ना त्या फोटोतून."

"फोटो बोर्गाकडे आहेत. तो दुपारी सगळ्यांसमोर मिसळणार. कापाकापी नाही, पारदर्शक कारभार."

"मग दुसरा कोणता तरी घ्यायला सांग."

"दुसरा एकच आहे. ज्यात सगळंच हललंय."

मग नानांनी तिच्याकडे जरा निराळ्या नजरेने पाहिलं, आणि तिनेही त्यांच्याकडे.

दुपारी दिवाणखान्यात भिंतीवर पांढरी चादर टांगली होती. बोर्गांनी बटणं दाबली. न हललेला फोटो आधी आला. खोलीतून एकदम "आऽ" असा आवाज निघाला. सोनं असं लखलखत होतं की मुख्याध्यापकांनी नकळत स्वतःची टाय सरळ केली.

"हाच," बोर्गा म्हणाले. "आता यापुढे हॅम्बुर्ग काय आणि काय!"

बोआडू उठले. त्यांनी चष्मा पुसला आणि चादरीच्या जवळ गेले. आधी नानांचे डोळे पाहिले, मग गळा, मग खांदा. माणूस आंबा विकत घेताना जसा फिरवून बघतो तसं ते बघत होते. नजर दंडावरून खाली उतरू लागली.

"तवियाह, इथलं जरा मोठं करता येईल का?" ते म्हणाले. "या बाजूचं."

"हा फोटो बाद," पोकुआ मोठ्याने म्हणाली.

सगळे वळले.

"बाद? का?" बोर्गांनी विचारलं. "दोरीने बांधून काढलास ना?"

"म्हणूनच. यात जीव नाही. आणि दुसरं म्हणजे, ओपान्यिन बोआडू कुठे आहेत यात?"

बोआडूंचं बोट नानांच्या मनगटापाशी पोचलं होतं, ते तिथेच थांबलं. त्यांनी मागची रांग शोधली. बांधलेल्या छत्रीची झालर नेमकी त्यांच्या चेहऱ्यावर येऊन बसली होती.

"हे पोट माझं आहे," ते सावकाश म्हणाले. "हे वस्त्रही माझंच. पण डोकं कुठाय?"

"छत्रीआड," पोकुआ म्हणाली. "माझ्या हट्टापायी छत्री तिथेच बांधली गेली. चूक माझी. पण फलक चौकात वर्षभर राहणार. येणारा-जाणारा विचारील, नानांच्या मागे हे बिनडोक कोण उभे आहेत?"

मुख्याध्यापकांना ठसका लागला. बोआडू नानांना साफ विसरले. "मी या घराण्याचा सर्वांत ज्येष्ठ माणूस आहे!" ते चादरीकडे बोट नाचवत म्हणाले. "आणि मला तुम्ही झालर घालता?"

"दुसरा फोटो दाखवा," पोकुआ म्हणाली.

बोर्गांनी कुरकुरत दुसरे तीन मिसळले. चादरीवर जे आलं ते पाहून पोकुआने डोळे मिटून घेतले. छत्रीच्या तीन छत्र्या झाल्या होत्या. पंखेवाल्यांना हातांचं जंगल फुटलं होतं. तलवारवाल्यांचे पाय मोजायला गेलं असतं तर संध्याकाळ झाली असती. मधोमध नानांचा चेहरा तेवढा शांत होता आणि उजव्या हाताच्या जागी गोंड्याचा पांढरा ढग होता. त्या गर्दीत तो ढग वेगळा असा कोणाच्या नजरेत भरलाच नसता. आणि सरकत राहिल्याबद्दल बोआडूंना बक्षीस मिळालं होतं. ते नानांच्या डावीकडे होते, मागे होते आणि उजवीकडेही होते, तिन्ही ठिकाणी हनुवटी वर करून.

"तीनदा," बोआडू हळू आवाजात म्हणाले. चष्मा काढून त्यांनी पुन्हा घातला. "तवियाह, या फोटोत काहीतरी आहे."

"गती!" बोर्गा ओरडले. त्यांना एकदम सुचलं होतं. "हॅम्बुर्गात याला गती म्हणतात! मी हेच तर पहिल्या दिवसापासून सांगत होतो. माणसं हवीत, हालचाल हवी. पण ही बाई ऐकेल तर शपथ." ते पोकुआकडे वळले आणि त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला जो विमानतळावरून घरी आल्या दिवसानंतर कोणी पाहिला नव्हता. "बोल आता. हलेल तो?"

पोकुआने ओठ घट्ट मिटले. ज्या एका गोष्टीवर ती इतकी वर्षं मान ताठ ठेवून चालली होती, ती आता तिला स्वतःच्या हाताने मोडायची होती, तीही या माणसासमोर.

"चालतो," ती म्हणाली.

"आणि कोणाचं बरोबर होतं?"

"तुमचं, तवियाहसाहेब."

"ऐकलंत? ठरावात लिहून घ्या."

ठरावात लिहून घेतलं गेलं. न हललेला फोटो बोर्गांनी तिथल्या तिथे पुसून टाकला, निर्जीव म्हणून.

फलक चौकात लागला आणि गावाने चार दिवस दुसरं काम केलं नाही. भाड्याच्या ट्रोट्रो गाड्यांचे ड्रायव्हर गाडी थांबवून उतारूंना पाय मोजायला लावत. "आमच्या राजाकडे माणसं कमी आहेत, पण हात पुरून उरतात," असं बाजारात म्हणू लागले. मग कोणीतरी एक खोड काढली. रस्त्यात ओळखीचं माणूस दिसलं की हात वर करायचा नाही, नुसता पंजा पुढे धरून भराभरा थरथरवायचा, फोटोतल्यासारखा. आठवड्यात ती गावाची नमस्काराची रीतच झाली. भाजीवाल्या तसा हात करत, शाळकरी मुलं करत, पाद्रीबाबांनीही एकदा चुकून केला. फलकाला हसणाऱ्यांशी बोआडू मात्र भांडायला उठत. "कला आहे ती!" ते म्हणत, आणि येणाऱ्या पाहुण्याला हाताला धरून आपल्या तिन्ही जागा दाखवत.

पोकुआची गिऱ्हाइकं पांगली. एका नवरीच्या आईने बयाणा परत घेतला. "राग मानू नकोस," ती म्हणाली, "पण आमच्या मुलीला दोनच हात हवे आहेत गं." कुमासीच्या फोटोवाल्यांनी तो फलक एकमेकांना पाठवला, खाली तिचं नाव घालून. पोकुआ मूग गिळून बसली. रात्री जेवण जात नव्हतं, पण तिने कोणाला एक शब्द सांगितला नाही.

उत्सवाच्या दिवशी नानांची पालखी निघाली. डावीकडे तलवार, उजवीकडे गोंडा, वर छत्र्या नाचतायत, ढोलांनी कान फुटतायत. पोकुआ कॅमेरा घेऊन पालखीच्या पुढे उलट्या पावलांनी चालत होती. चौकात, फलकाच्या अगदी समोर, पुढच्या भोयाचा पाय खड्ड्यात गेला. पालखी कलली, सावरली. पण गोंडा नानांच्या हातून सुटला आणि गर्दीत कुठेतरी गडप झाला.

नानांचा हात पालखीच्या कडेवर राहिला. मोकळा. भर उन्हात, सगळ्या गावासमोर तो थरथरू लागला, आणि झाकायला काही नव्हतं. ढोल वाजायचे थांबले. फ्रिम्पोनच्या हातातली काठी तिरकी झाली. पहिल्या रांगेत बोआडू उभे होते. त्यांनी डोळे बारीक केले आणि मान पुढे काढली. संपलं, पोकुआला वाटलं.

"अगं बाई!" फलकाखालून मासेवाली खिदळली. "नाना बघा! नानापण फोटोतला नमस्कार करतायत!"

तिने आपला हात पुढे केला आणि भराभरा थरथरवला. शेजारणीने केला. मग त्यांच्या मागच्यांनी. एका क्षणात चौकभर हात वर आले, शेकडो, थरथरणारे, आणि असा हशा उसळला की ढोलवाल्यांना आपलं काम आठवलं. राजा आपल्याच फलकाची थट्टा करतो आहे, गावाबरोबर हसतो आहे! लोकांना तो तेव्हा जेवढा आवडला तेवढा गेल्या पंचवीस वर्षांत आवडला नसेल. बोआडूंनी आजूबाजूला पाहिलं. ज्या फोटोसाठी ते गावभर भांडले होते त्याचाच नमस्कार चालला होता. त्यांनी नाइलाजाने हात पुढे केला आणि थरथरवला.

नाना आधी गोंधळले. मग त्यांनी समोरच्या हातांकडे पाहिलं, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा तो उजवा हात कडेवरून उचलून उंच धरला. तो हवा तसा हलू दिला. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते हसत होते, आणि दोन्हींत खोटं काही नव्हतं.

डोळ्याला लावलेला कॅमेरा पोकुआने खाली केला. तिने बटण दाबलं नाही. तिने आपला हात वर केला, आणि मामाकडे बघत तो थरथरवू लागली.